वारली पात्रे आणि निवेदकाची जागा

डहाणू-तलासरीकडच्या मराठी कथांत वारली माणूस पुष्कळदा भोळा, दारुडा, कामचुकार अशा ठरीव रंगात येतो. दोष नुसत्या विशेषणांचा नाही. निवेदक कुठे उभा आहे, यावर ती ठरतात. बांधावरून पाहणाऱ्या सावकाराला गडी आळशी दिसतो. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघांना त्याच्याच घरी वर्षानुवर्षे राबावे लागे, ही लग्नगड्याची पद्धत त्या नजरेबाहेर राहते. १९४५ मध्ये झरी गावच्या सभेत वेठ, म्हणजे सक्तीची फुकट मजुरी, नाकारणारी माणसे हीच, हेही अशा कथेला सांगता येत नाही. याच भागातल्या कोसबाडला बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाहण्याची ही दिशाच बदलली: मूल गुरे राखते म्हणून शाळेत येत नाही, हे ओळखून त्यांनी शाळा कुरणात नेली. कथेतही तसेच: तृतीयपुरुषी निवेदन तटस्थच असते, असे मानणे चूक आहे. गुराख्याच्या बाजूने सांगितलेल्या कथेत मास्तरही परका ठरतो. वाचकाने अशा कोणत्याही कथेत आधी हे पाहावे, की वारली पात्राला स्वतःचे विचार दिले आहेत, की फक्त संवाद.