सशांमधील केसगळती, खरूज, गजकर्ण वेळीच ओळखा

सशाचे केस गळताना दिसले की अनेकदा सरसकट खरजेचे इंजेक्शन दिले जाते. मात्र प्रत्येक केसगळती म्हणजे खरूज नव्हे. काही केसगळती नैसर्गिक असते, काही वेळा दोष पिंजऱ्याच्या जाळीत असतो, तर काही आजार सशाकडून माणसालाही होतात. त्यामुळे औषधाआधी तीन गोष्टी पाहा: केस शरीराच्या कोणत्या भागावरचे गेले आहेत, खाज आहे का आणि खपली कशी आहे.

आजार नसलेली केसगळती

सशाचा गर्भकाळ ३० ते ३२ दिवसांचा असतो. विण्याच्या सुमारास मादी स्वतःच्या पोटावरचे व गळ्याखालचे केस उपटून पिलांसाठी घरटे करते. त्वचा स्वच्छ असेल, लाली किंवा खपली नसेल, तर उपचाराची गरज नाही. घरटे पेटी व कोरडे गवत वेळेवर ठेवा.

कधी मादी गाभण नसतानाही केस उपटते. ही खोटी गर्भधारणा असते व साधारण १६ ते १८ दिवसांत संपते. नोंदवहीत नर दाखवल्याची तारीख असेल, तर यातला फरक लगेच कळतो. ऋतू बदलताना जुने केस झडून नवे येतात, तेही नैसर्गिक आहे.

कानातील खरूज

हा आजार सोरोप्टिस नावाच्या माइटमुळे होतो. ससा सतत डोके झटकतो, मागच्या पायाने कान खाजवतो. कानाच्या आत तपकिरी, थरावर थर असलेली जाड खपली दिसते. दुर्लक्ष केल्यास संसर्ग कानाच्या आतल्या भागात जातो आणि मान एका बाजूला कलते.

खपली ओरबाडून काढू नका. त्याने रक्त येते व सशाला तीव्र वेदना होतात. माइट मेल्यावर खपली आपोआप सुटते.

अंगावरची खरूज

सार्कोप्टिस माइटमुळे होणारी ही खरूज नाक, ओठ, डोळ्यांभोवती, कानांच्या कडा व पायांच्या बोटांवर सुरू होते. केस जातात, त्वचा जाड होते, पांढरट-पिवळसर खपल्या धरतात. खाज इतकी असते की ससा खाणे कमी करतो, वजन घटते आणि उपचार न झाल्यास मृत्यूही होतो. बाधित ससा हाताळणाऱ्याच्या हातांवर खाजरे पुरळ येऊ शकते.

पाठीवर कोंड्यासारखे पांढरे कण व विरळ केस दिसत असतील, तर केसांतील माइटची शक्यता असते.

गजकर्ण

हा बुरशीजन्य आजार आहे. डोके, कान व पायांवर गोलाकार, केस गेलेले चट्टे पडतात. त्यांवर कोरडी खपली असते, पण खाज खरजेपेक्षा कमी असते. पिले लवकर बळी पडतात. हा आजार माणसाला होतो, त्यामुळे लहान मुलांना असे ससे हाताळू देऊ नका. हातमोजे वापरा, काम झाल्यावर साबणाने हात धुवा.

खरजेच्या इंजेक्शनने गजकर्ण बरे होत नाही. मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइड मिसळलेले मलमही लावू नका. त्याने चट्टा तात्पुरता दबतो, पण बुरशी वाढत राहते.

तळव्यांच्या जखमा

मागच्या पायाच्या तळव्यावरचे केस जाऊन जखम झाली असेल, तर आधी जाळी तपासा. खडबडीत, गंजलेली किंवा सैल जाळी, साचलेले मूत्र आणि सशाचे जास्त वजन ही मुख्य कारणे आहेत. न्यूझीलंड व्हाइट, ग्रे जायंट यांसारख्या वजनदार जातींना बसण्यासाठी पिंजऱ्यात गुळगुळीत लाकडी फळी ठेवा. जाळी बदलली नाही, तर मलमाने जखम भरणार नाही.

उपचार करताना

- खरजेसाठी पशुवैद्यक सहसा आयव्हरमेक्टिन त्वचेखाली देतात. मात्रा प्रतिकिलो वजनास ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम धरली, तर १ टक्का तीव्रतेचे औषध २ किलोच्या सशाला फक्त ०.०४ ते ०.०८ मिली लागते. शेळीच्या अंदाजाने अर्धा मिली दिल्यास मात्रा सहा ते बारा पट होते. म्हणून वजन करूनच, पशुवैद्यकाकडून इंजेक्शन द्या.
- हे औषध माइटच्या अंड्यांवर काम करत नाही. साधारण १० ते १४ दिवसांनी पुन्हा मात्रा द्यावी लागते. खाज थांबली म्हणून दुसरी मात्रा टाळू नका.
- एका सशाला खरूज असेल, तर शेजारच्या पिंजऱ्यांतील सशांचीही तपासणी करा.
- कुत्र्यांसाठी वापरले जाणारे फिप्रोनिल सशांना देऊ नका. ते जीवघेणे ठरते.
- पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन तोंडावाटे देऊ नका. आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरून ससा दगावू शकतो.
- सशाला औषधाच्या पाण्यात बुडवू नका. भिजल्याने व ताणाने तो दगावण्याची भीती असते.
- उपचार केलेला ससा मांसासाठी विकण्यापूर्वी किती दिवस थांबायचे, हे पशुवैद्यकाला विचारा व तारीख नोंदवा.

प्रतिबंध

- नवे ससे ३ ते ४ आठवडे वेगळे ठेवा. पैदाशीसाठी नर आणताना कानाच्या आत पाहूनच घ्या.
- आजारी सशांना चारा-पाणी सर्वांत शेवटी द्या. त्यांची भांडी वेगळी ठेवा.
- ससे बाहेर काढून लोखंडी पिंजरे फ्लेम गनने जाळून घ्या. अडकलेले केस त्यामुळे जळतात. घरटे पेटीतील जुने गवत जाळा, पेटी धुऊन कडक उन्हात वाळवा.
- गर्दी टाळा. खुराकासोबत पुरेसा तंतुमय चारा द्या. चारा कमी पडला, तर ससे एकमेकांचे केस कुरतडतात.
- आठवड्यातून एकदा प्रत्येक सशाचे कान, नाक, तळवे तपासा.

निदानाबाबत शंका असल्यास पशुवैद्यकाकडून खपलीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. माइट की बुरशी, हे त्यातून स्पष्ट होते आणि चुकीच्या औषधावरचा खर्च वाचतो.