यथादृश्य संपादक
यथादृश्य संपादक ही विकिपीडियावरील लेख वाचताना जसा दिसतो, त्याच रूपात संपादित करण्याची सुविधा होय. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिला विकी सुरू केला, तेव्हा मजकूर साध्या चिन्हांच्या आधारे लिहिला जाई. २००३ मध्ये आरंभ झालेल्या मराठी विकिपीडियावरही प्रथम चिन्हांचीच पद्धत होती.

मराठीत ही पद्धत अधिक अडते, कारण विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. ‘गडहिंग्लजला’ या शब्दाचा दुवा [[गडहिंग्लज]]ला असा देता येतो. ‘कोल्हापुरात’ लिहिताना मात्र मूळ नामातील दीर्घ ऊकार ऱ्हस्व होत असल्याने [[कोल्हापूर|कोल्हापुरात]] असे लिहावे लागते. नुसते [[कोल्हापुरात]] लिहिल्यास दुवा अस्तित्वात नसलेल्या लेखाकडे जातो व लाल दिसतो. भाषा उत्तम जाणणारा, परंतु संगणकाची सवय नसलेला लेखक बहुधा येथेच थांबतो. यथादृश्य संपादकात शब्द निवडून त्यास लेखाचे नाव जोडले की काम भागते.

२०१३ मध्ये ही सुविधा इंग्रजी विकिपीडियावर सरसकट लागू झाली, तेव्हा तिच्यातील दोषांमुळे अनुभवी संपादकांनी तीव्र विरोध केला व त्याच वर्षी ती ऐच्छिक करण्यात आली. हा विरोध निव्वळ जुन्या सवयीचा नव्हता. गुंतागुंतीचे साचे व तक्ते यांसाठी स्रोत संपादन आजही अधिक सोयीचे ठरते.