टॅपेट कव्हर : झाकणही हवे, श्वासही हवा

गाडीचे बॉनेट उघडले की इंजिनाच्या माथ्यावर पत्र्याचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे लांबट झाकण दिसते. गॅरेजमध्ये त्याला ‘टॅपेट कव्हर’ म्हणतात. त्याच्याखाली झडपा आणि त्यांना दाबणारे रॉकर असतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते. अशा घर्षणात तेल सतत मिळाले पाहिजे, ते बाहेर उडता कामा नये आणि धूळ आत जाता कामा नये. आज हे उघड वाटते. पण पहिल्या मोटारींना हे झाकण नव्हतेच.

१९०४ च्या बुइक मोटारीत रॉकर उघडेच हलत आणि त्यांना हाताने तेल घालावे लागे. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये झडपा सिलिंडरच्या बाजूला होत्या, त्यांच्या दांड्या आणि स्प्रिंगाही उघड्याच. रस्त्यावरची धूळ तेलात मिसळली की तिचा पॉलिश पेपर होतो. १९११ मध्ये फोर्डने तेथे झाकणे बसवली.

आपल्याकडे १९४० च्या दशकाच्या अखेरीस वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात डॉज, डिसोटो गाड्यांची जुळणी सुरू केली. त्यांच्या झडपाही बाजूलाच होत्या. पुढच्या दशकात फियाट ११०० आली. तिच्या झडपा माथ्यावर होत्या. हीच गाडी पुढे ‘पद्मिनी’ झाली. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची टॅक्सी २०२३ मध्ये निवृत्त झाली, तोवर कित्येक कारागीर या झाकणाची पॅकिंग बदलत हात तयार करून गेले होते.

इंजिन झाकले, तसा नवा प्रश्न आला. पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा जळका वायू खाली झिरपतो. त्यात वाफही असते, कारण एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ तितकेच पाणी तयार होते. पूर्वी हा वायू नळीने सरळ रस्त्यावर सोडत. १९६१ पासून कॅलिफोर्नियातील नव्या गाड्यांत तो परत इंजिनात नेऊन जाळण्याची व्यवस्था आली. तिची नळी पुष्कळ इंजिनांत टॅपेट कव्हरमधूनच निघते.

सिंधुदुर्गात या इतिहासाला व्यवहारी अर्थ आहे. खाऱ्या वाऱ्याने पत्र्याच्या कव्हरवर ओरखड्यापासून गंज धरतो. पावसाळ्यात मालवणच्या बाजारापुरतीच गाडी फिरवली, तर इंजिन पुरते तापत नाही आणि तेलाच्या टोपणाखाली दुधाळ फेस जमतो. लांबच्या फेरीनंतर तो गेला तर चिंता नको. तो टिकला आणि रेडिएटरमधले पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅसकेट तपासावी.

तेल गळू लागले की बोल्ट आवळण्याचा मोह होतो. त्याने बुचाची पॅकिंग चिरडते, पत्रा वाकतो आणि गळती वाढते. दोन्ही कडा पुसून नवी पॅकिंग घालावी. बोल्ट मधून कडेकडे, थोडे थोडे आवळावेत. तरीही गळती राहिली, तर वायूची नळी तुंबलेली नाही ना, हे पाहावे. श्वास कोंडला की आतला दाब पॅकिंगमधून वाट काढतो. हे तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडले तर आग लागू शकते.

बंदिस्त भांड्यातील दाब शिकवताना कुकरच्या शिट्टीसोबत हे झाकणही विद्यार्थ्यांना दाखवावे.