बायोस ते यूईएफआय : संगणक सुरू करणाऱ्या प्रणालीचे स्थित्यंतर

संग्रामपूर : संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर विंडोज अथवा लिनक्स अवतरेपर्यंत काही सेकंद जातात. या अवधीत यंत्राचा कारभार मदरबोर्डवरील एका लहानशा चिपमध्ये साठविलेल्या प्रणालीच्या हाती असतो. तिला फर्मवेअर म्हणतात. प्रोसेसर, मेमरी, कळफलक व हार्ड डिस्क जाग्यावर आहेत की नाहीत हे तपासून ती पुढील सूत्रे ऑपरेटिंग सिस्टीमकडे सोपविते. अनेक वर्षे हे काम 'बायोस'ने केले. आता त्याची जागा सुट्या घटकांत विभागलेल्या नव्या फर्मवेअरने घेतली आहे.

बायोसच्या मर्यादा

बायोस ही संज्ञा गॅरी किल्डाल यांच्या सीपी/एम या प्रणालीतून, १९७०च्या दशकात आली. १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीमुळे ती घरोघरी पोहोचली. बायोस १६ बिट पद्धतीने चालत असे व त्यास जेमतेम १ मेगाबाइट मेमरी हाताळता येई. डिस्कवरील पहिला ५१२ बाइटचा भाग वाचून तो संगणक सुरू करी. या जुन्या विभागणीत साधारण २ टेराबाइटपेक्षा मोठ्या डिस्कचा पूर्ण वापर करता येत नसे.

हे अडथळे दूर करण्यासाठी इंटेलने १९९०च्या दशकात इटानियम प्रोसेसरच्या निमित्ताने 'ईएफआय'ची आखणी केली. २००५ मध्ये विविध कंपन्यांचा यूईएफआय फोरम स्थापन होऊन तिला सामायिक मानकाचे रूप आले. यात प्रत्येक उपकरणासाठी स्वतंत्र ड्रायव्हर असतो. प्रथम मेमरी सज्ज होते, मग ड्रायव्हर चढविले जातात आणि अखेरीस कोणत्या डिस्कवरून सुरुवात करावयाची ते ठरते. 'जीपीटी' या नव्या विभागणीमुळे डिस्कच्या आकाराची अडचणही मिटली.

रायगडमधील प्रयोग

याच सुमारास मुक्त सॉफ्टवेअरच्या गोटात वेगळा प्रयत्न सुरू होता. अमेरिकेतील लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिक यांनी १९९९ मध्ये 'लिनक्सबायोस' प्रकल्प हाती घेतला. २००८ मध्ये त्याचे नाव 'कोअरबूट' झाले. यंत्रसामग्री जागी करण्याचे किमान काम कोअरबूट करते. पुढचे काम 'पेलोड' नावाच्या स्वतंत्र घटकावर सोपविले जाते. हा घटक गरजेनुसार बदलता येतो. गुगलची क्रोमबुक याच पद्धतीवर चालतात.

महाराष्ट्राचा या कथेशी जवळचा संबंध आहे. 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या योजनेचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत झाला. त्या 'एक्सओ' लॅपटॉपच्या आरंभीच्या नमुन्यांत लिनक्सबायोस होते; पुढे 'ओपन फर्मवेअर'ने त्याची जागा घेतली. स्वाक्षरी असलेली प्रणालीच सुरू करण्याचे बंधन या लॅपटॉपवर घालण्याची सोय होती. मात्र ते उठविणारी किल्ली वापरकर्त्यास मागून घेता येत असे.

किल्ली कोणाच्या हाती?

आज हाच प्रश्न प्रत्येक संगणकापुढे आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत 'सिक्युअर बूट' सर्वत्र पोहोचले. ओळखीच्या स्वाक्षरीविना काहीही सुरू होऊ द्यावयाचे नाही, हा त्याचा नियम. यामुळे व्हायरसला आवर बसतो. मात्र २०२३ मध्ये उघडकीस आलेल्या 'ब्लॅकलोटस' व 'लोगोफेल' या प्रकरणांनी ही तटबंदीही अभेद्य नसल्याचे दाखविले.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी यूईएफआय, सिक्युअर बूटची क्षमता, टीपीएम २.० व ठराविक प्रोसेसर आवश्यक आहेत. संग्रामपूरसारख्या तालुक्याच्या गावी शाळा, दुकाने व सेवा केंद्रांत वर्षानुवर्षे वापरल्या जाणाऱ्या संगणकांपैकी अनेक चालू स्थितीत असूनही या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रांवर लिनक्स बसविणे हा एक मार्ग उरतो.

वापरकर्त्यांनी काय करावे?

विंडोजच्या शोधपट्टीत 'एमएसइन्फो३२' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिल्यास 'बायोस मोड'पुढे 'यूईएफआय' किंवा 'लेगसी' असे दिसते. लेगसी दिसल्यास फर्मवेअरमधील पर्याय एकदम बदलू नये. विंडोज सुरूच होणार नाही. आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत घ्यावी, डिस्कची विभागणी जीपीटीमध्ये बदलावी आणि मगच पर्याय बदलावा. फर्मवेअर अद्ययावत करताना मध्येच वीज गेल्यास चिपमधील मजकूर अर्धवट राहतो आणि संगणक सुरू होणे थांबू शकते. भारनियमनाचा अनुभव असलेल्या भागात हे काम चांगल्या स्थितीतील यूपीएसशिवाय करू नये. लॅपटॉप असल्यास बॅटरी भरलेली असावी व चार्जरही जोडलेला असावा.