पंचनामा कोण लिहितो?



पोलिसाच्या हातातली काठी सगळ्यांना दिसते. त्याच्या हातातला कागद कुणाला दिसत नाही. काठीचा वळ आठ-पंधरा दिवसांत उतरतो, पण कागदावर लिहिलेलं जन्मभर पाठीला चिकटून राहतं. कोण पळत होता, आधी हात कुणी उचलला, मेलेला कशाने मेला, हे सगळं लिहिणारा तोच आणि मारणारा पण तोच. अमेरिकेतला काळा माणूस हा कागद त्याच्या हातातून काढून घ्यायला पिढ्यान् पिढ्या झगडतो आहे. हा इतिहास आपल्या पोरांना पाठ पाहिजे. आपण त्यांच्याकडून नुसतं नाव घेतलेलं नाही.

सुरुवात गुलामीत आहे. कॅरोलिनात १७०४ साली गुलामांवर पहारा ठेवणाऱ्या टोळ्या कायद्याने उभ्या केल्या. मळ्याबाहेर काळा माणूस दिसला आणि त्याच्याजवळ मालकाची चिठ्ठी नसली, की चाबूक. रस्त्यावर दिसणं हाच त्याचा गुन्हा. आणि गोऱ्याने मारलं तर सांगायचं कुणाला? कॅलिफोर्नियात १८५० च्या कायद्याने काळ्यांना आणि तिथल्या मूळ रहिवाशांना गोऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला बंदी होती. पुढे एका गोऱ्याने एका चिनी खाणकामगाराचा खून केला. चिनी माणसांनी साक्ष दिली, गोऱ्याला शिक्षा झाली. १८५४ साली राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने ठरवलं, की चिनी पण त्याच बंदीत बसतात. शिक्षा रद्द! खून झाला होता, बघणारे होते, फक्त त्यांचे डोळे कोर्टाला चालत नव्हते.

हे वाचून आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्षीदारसुद्धा वर्णावर्णात वाटून दिलेले आहेत. द्विजांचे साक्षी द्विज, अंत्यजांचे अंत्यज. बाबासाहेबांच्या सत्याग्रहात २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे पुस्तक जाळलं, त्यात हा कायदा पण होता.

आता विसाव्या शतकात या. ऑगस्ट १९६५. लॉस एंजेलिसची वॉट्स ही काळ्यांची वस्ती. पोलिसांनी एका काळ्या तरुणाची गाडी अडवली, त्यातून भडका उडाला आणि ३४ माणसं मेली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९६६ मध्ये, ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन पोरांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. त्यांचं पहिलं काम काय? पोलिसावर पहारा. पोलिसाची गाडी निघाली की मागे यांची गाडी. काळ्याला अडवलं की हे खाली उतरून कायद्याने ठरलेल्या अंतरावर उभे. खांद्याला बंदूक, हातात कायद्याचं पुस्तक. अडवलेल्या माणसाला त्याचे हक्क मोठ्याने वाचून दाखवायचे. जे आजवर आपल्याकडे बघत होते, त्यांच्याकडे आता आपण बघायचं. १९६७ साली राज्याने भरलेली बंदूक घेऊन रस्त्यावर फिरायला बंदी केली. कायद्यावर सही रोनाल्ड रेगनची. बंदूक गेली, पण उभं राहून बघायचा हक्क कुणाला काढून घेता आला नाही.

मग कॅमेरा लोकांच्या हातात आला. ३ मार्च १९९१ च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये पोलिस रॉडनी किंगला रस्त्यावर आडवा पाडून दांडक्यांनी बडवत होते. जॉर्ज हॉलिडे नावाच्या नळकाम करणाऱ्या गोऱ्या माणसाने बाल्कनीतून ते टिपलं. पोलिस ठाण्यात फोन केला, तिथे कुणाला पडली नव्हती. त्याने टेप टीव्ही केंद्राला दिली आणि साऱ्या जगाने ती पाहिली. सगळ्यांना वाटलं, आता काय शिल्लक राहिलं? डोळ्यांसमोर आहे. पण २९ एप्रिल १९९२ ला चौघाही पोलिसांची राज्याच्या कोर्टात सुटका झाली. ज्युरीत एकही काळा माणूस नव्हता. पोलिसांच्या वकिलांनी तीच टेप एकेक चित्र थांबवून दाखवली. हा बघा, हात हलला; हा बघा, उठायला लागला. मार खाताना अंग वळतं, त्याला त्यांनी हल्ला म्हटलं. शहर पेटलं, साठाच्या वर माणसं मेली. दुसऱ्या वर्षी केंद्राच्या खटल्यात चौघांपैकी दोघांना शिक्षा झाली, तीस तीस महिने. चित्र दाखवणारा कोण आणि बघणारा कोण, यावर चित्राचा अर्थ ठरतो. हे १९९२ ने शिकवलं.

पोलिसांनी मग चित्रण करणाऱ्यांनाच धरायला सुरुवात केली. बोस्टनमध्ये २००७ साली पोलिस एका तरुणाला अटक करत होते, ते एका वकिलाने मोबाइलवर टिपलं. त्यालाच अटक! कलम लावलं चोरून आवाज टिपल्याचं. तो उघड्यावर, पोलिसांच्या समोर उभा होता. तो कोर्टात गेला आणि २०११ साली केंद्राच्या अपील कोर्टाने सांगितलं, की सार्वजनिक जागी ड्यूटीवरच्या पोलिसाचं चित्रण करणं हा राज्यघटनेने दिलेला हक्क आहे. शहराला १ लाख ७० हजार डॉलर मोजावे लागले.

एका चित्रात एक मार दिसतो. व्यवस्था दिसायला आकडे लागतात. फर्ग्युसन गावात २०१४ साली पोलिसाने मायकेल ब्राउन या अठरा वर्षांच्या पोराला गोळी घातली. पुढच्या वर्षी केंद्राच्या न्याय खात्याने त्या गावच्या पोलिसांची दप्तरं तपासली. गावात काळे ६७ टक्के. अडवलेल्या गाड्यांत काळ्यांच्या ८५ टक्के. अटकेत काळे ९३ टक्के. दंडाच्या पैशावर गावचा कारभार चालायचा. कायदा एकच, पण लावायचा तोंड बघून.

त्याच २०१४ साली न्यूयॉर्कमध्ये सुट्या सिगारेटी विकल्याच्या संशयावरून एरिक गार्नरचा गळा आवळला. श्वास घेता येत नाही, असं तो अकरा वेळा म्हणाला. चित्रण होतं, तरी ज्युरीने खटला भरू दिला नाही. पोलिसाची नोकरी जायला २०१९ उजाडलं.

आणि २५ मे २०२०. मिनियापोलिस पोलिसांचं पहिलं पत्रक सांगत होतं, की एक माणूस अटकेच्या वेळी तब्येत बिघडून मेला. झाला पंचनामा! जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर नऊ मिनिटांच्या वर गुडघा होता, याचा पत्रकात पत्ता नाही. डार्नेला फ्रेझर ही सतरा वर्षांची काळी पोरगी नात्यातल्या लहान बहिणीला घेऊन दुकानात आली होती. ती हलली नाही, मोबाइल धरून उभी राहिली. आसपासची माणसं पण उभी राहिली, ओरडत राहिली, आणि पुढे हीच माणसं कोर्टात पण उभी राहिली. नऊ वर्षांच्या त्या बहिणीनेसुद्धा साक्ष दिली. एप्रिल २०२१ मध्ये पोलिस दोषी ठरला, साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. १८५४ साली ज्यांचे डोळे चालत नव्हते, त्यांच्या डोळ्यांवर शिक्षा झाली.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती ओकलंडवाल्यांचं नाव घेऊन. त्या नावात पोलिसावर पहारा आहे. आणि पहाऱ्याची गरज कालची नाही. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतर धरपकड झाली. कायदा शिकणारा सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मेला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण आलं. तरी गुन्हा नोंदवून घ्यायला त्याच्या आईला हायकोर्टात जावं लागलं. सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं, तिथे २०२५ साली हरलं.

म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. २ डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने प्रत्येक पोलिस ठाण्यात कॅमेरे लावायचा आणि चित्रण जपून ठेवायचा आदेश दिला आहे. कोठडीत मार बसला तर ते चित्रण लगेच लेखी मागा. आणि वर्ध्यात ठाण्यात चित्रण केलं म्हणून एकावर सरकारी गुपितांचा कायदा लावला होता, तो गुन्हा २०२२ साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने रद्द केला. पोलिस ठाणं त्या कायद्यातली प्रतिबंधित जागा नाही, असं कोर्ट म्हणालं.

चित्रण करताना अंतर ठेवा, आडवे जाऊ नका. तारीख, वेळ, जागा बोलून नोंदवा. प्रत त्याच दिवशी दुसऱ्याच्या हवाली करा. आणि साक्षीची तारीख लागेल तेव्हा कोर्टात हजर राहा. नुसता मोबाइल धरणारा हात पुरत नाही, त्याच्यामागे माणूस टिकावा लागतो.

जयभीम.