ट्रकचे ब्रेक ड्रायव्हरने स्वतः 'टाइट' करावेत का?

उतारावर ट्रक सुटला आणि पुढच्या गाड्यांवर आदळला, की बातमीत दोन शब्द हमखास येतात : 'ब्रेक फेल'. ऐकताना वाटतं, ब्रेक एका क्षणात गेले, कुणाच्या हातात काही नव्हतं. पण मोठ्या ट्रकचे ब्रेक पुष्कळदा हळूहळू सैल होत गेलेले असतात. ते वेळेत तपासायचे कुणी? आणि सैल सापडले, तर ड्रायव्हरने स्वतःच पाना घेऊन ट्रकखाली शिरावं का?

खामगावसाठी हा प्रश्न रोजचा आहे. कापसाची ही जुनी बाजारपेठ राष्ट्रीय महामार्ग ५३ वर आहे. इथून कापसाच्या गाठी घेऊन मुंबईच्या बंदराकडे निघालेला ट्रक नांदुरा, मलकापूर, जळगाव करत धुळ्यापर्यंत जवळपास सपाट रस्त्याने जातो. पुढे नाशिककडे चढ लागतो. ब्रेकची खरी परीक्षा घेणारा मोठा उतार येतो तो शेकडो किलोमीटरनंतर, कसारा घाटात. लांबचं कशाला, बुलढाण्याहून खामगावला येतानाही बोथा घाट उतरावा लागतोच. सपाटीवर ठीक वाटणारे ब्रेक घाटात दगा का देतात, हे समजून घेतलं की पुढची उत्तरं सोपी होतात.

ट्रकचा ब्रेक चालतो कसा?

मोठ्या ट्रकला एअर ब्रेक असतात. इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये हवा भरतो. पेडल दाबलं की ही हवा चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये जाते आणि एक दांडी बाहेर ढकलते. ही दांडी 'स्लॅक ॲडजस्टर' नावाचा दांडा फिरवते. त्यामुळे आतला कॅम फिरतो, लायनर ड्रमवर घासतात आणि चाक थांबतं.

लायनर झिजत जातात तसं त्यांच्यातलं आणि ड्रममधलं अंतर वाढतं. मग दांडीला जास्त लांब यावं लागतं. पण तिच्या धावेला मर्यादा आहे. 'टाइप ३०' या साध्या चेंबरची दांडी जास्तीत जास्त अडीच इंच बाहेर येऊ शकते. ती दोन इंचांच्या पुढे गेली, तर उत्तर अमेरिकेतल्या नियमांनुसार तो ब्रेक सैल समजला जातो. ही धाव पुन्हा कमी करणं म्हणजेच ब्रेक ॲडजस्ट करणं, किंवा गॅरेजच्या भाषेत 'टाइट' करणं.

ब्रेक सैल झालेत हे ड्रायव्हरला कळत का नाही?

खरी गोम इथे आहे. कारचे ब्रेक सैल झाले की पेडल खोल जातं, पायाला लगेच कळतं. एअर ब्रेकमध्ये पायाखाली असतो तो हवेचा व्हॉल्व्ह. दांडी एक इंच येवो की सव्वादोन इंच, पेडल जवळपास सारखंच लागतं.

त्यात सपाट रस्त्यावर ब्रेक हलकेच दाबले जातात. तेवढ्यासाठी सैल ब्रेकही पुरतो. घाटात मात्र सतत ब्रेक दाबून ड्रम तापतो. तापलेलं लोखंड फुगतं, म्हणजे ड्रम लायनरपासून आणखी दूर जातो. आधीच लांब येणारी दांडी आता शेवटपर्यंत येऊन टेकते. हवा पूर्ण दाबाने भरलेली असते, पाय पेडलवर असतो, पण लायनरवर जोरच येत नाही. बातमीत याला 'अचानक ब्रेक फेल' म्हणतात.

मग ड्रायव्हरने टाइट करावेत की नाही?

उत्तर ट्रकला कोणता ॲडजस्टर आहे यावर अवलंबून आहे.

हाताने करायचा ॲडजस्टर : हा जुन्या गाड्यांवर दिसतो. तो ठरावीक काळाने पान्याने फिरवावाच लागतो. हे काम शिकलेला ड्रायव्हर करू शकतो. साधारण पद्धत अशी, की लायनर ड्रमला टेकेपर्यंत बोल्ट फिरवायचा आणि मग पाव ते अर्धा फेरा मागे घ्यायचा. नेमकं माप मात्र गाडीच्या कंपनीच्या पुस्तिकेतलंच धरायचं. ऐकायला सोपं वाटलं तरी धोके दोन आहेत. पहिला म्हणजे या कामासाठी पार्किंग ब्रेक सोडावा लागतो. चाकांना दोन्ही बाजूंनी पक्की ओट नसेल, तर ट्रक खाली शिरलेल्या माणसाच्या अंगावरून जाऊ शकतो. दुसरा म्हणजे एकच चाक टाइट केलं, तर गाडी एका बाजूला ओढते. जास्त टाइट केलं, तर लायनर घासत राहून ड्रम तापतो.

ऑटोमॅटिक ॲडजस्टर : नव्या ट्रकमध्ये हाच असतो. ब्रेक लावता लावता तो अंतर आपोआप भरून काढतो. अमेरिकेत २० ऑक्टोबर १९९४ नंतर बनलेल्या एअर ब्रेकच्या गाड्यांना तो सक्तीचा आहे. इथे नियम उलटा होतो. ऑटोमॅटिक ॲडजस्टर असूनही ब्रेक सैल असेल, तर काहीतरी बिघडलंय. ॲडजस्टर खराब असेल, कॅमचे बुश झिजले असतील किंवा तो बसवतानाच चूक झाली असेल. अशा वेळी पान्याने फिरवलं की ब्रेक त्या दिवसापुरता बरा होतो, बिघाड मात्र झाकला जातो. काही दिवसांत तो पुन्हा सैल होतो आणि ड्रायव्हरला वाटतं, 'आताच तर टाइट केले होते.'

अमेरिकेतल्या एका अपघाताचा धडा

११ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ग्लेन रॉक गावात नेमकं हेच समोर आलं. तीव्र उतारावर एक डंपर थांबला नाही. चौकात उभ्या असलेल्या चार गाड्यांना त्याने धडक दिली. त्यातल्या एका गाडीचा चालक आणि ११ वर्षांचं एक मूल दगावलं, रस्त्याकडेची तीन मुलं जखमी झाली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तपास केला. डंपर क्षमतेपेक्षा जास्त भरलेला होता, ड्रायव्हरला एअर ब्रेकचं प्रशिक्षण नव्हतं आणि ब्रेकची देखभाल नीट झालेली नव्हती. मेकॅनिकनीही मूळ बिघाड ओळखला नव्हता. ऑटोमॅटिक ॲडजस्टर हाताने टाइट करत राहणं धोकादायक आहे, असं या मंडळाने स्पष्ट सांगितलं.

प्रत्येक 'ब्रेक फेल' खरंच ब्रेक फेल असतो का?

नाही. २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने एकापाठोपाठ अनेक गाड्या उडवल्या. आधी ब्रेक फेल झाल्याचं सांगितलं गेलं. नंतर तपास यंत्रणांनी सांगितलं, की ब्रेक निकामी झाले नव्हते, ड्रायव्हरने डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केलं होतं.

इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. ब्रेक दाबाल तशी टाकीतली हवा संपते आणि नवी भरत नाही. गिअरमुळे मिळणारा अडथळा आणि एक्झॉस्ट ब्रेकही जातो. शिवाय बचतीचा हिशोबही चुकीचा आहे. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनमध्ये गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, की डिझेल जाणं जवळपास बंदच होतं.

ड्रायव्हरने रोज काय तपासावं?

पाना न उचलताही बरंच काही कळतं.

• निघण्याआधी हवा पूर्ण भरू द्या. मग इंजिन बंद करून मिनिटभर पेडल दाबून धरा. काटा झपाट्याने खाली येत असेल किंवा फुसफुस ऐकू येत असेल, तर गळती आहे.
• ट्रक सपाट जागी, चाकांना ओट लावून, पार्किंग ब्रेक सोडून उभा करा. एकाने पेडल दाबावं, दुसऱ्याने बाहेर बाजूला राहून प्रत्येक दांडी किती बाहेर येते ते पाहावं. खडूने खूण केली तर फरक लगेच दिसतो.
• थांब्यावर जळका वास किंवा धूर येतोय का, ते बघा. ड्रमला हात लावू नका.
• घाट उतरण्याआधी थांबून पुन्हा एक नजर टाका. माथ्यावरच खालचा गिअर टाका. न्यूट्रल कधीच नको.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एअर ब्रेकची गाडी चालवायला परवान्यावर वेगळी नोंद लागते. त्यासाठीच्या प्रशिक्षणात ब्रेकची तपासणी शिकवली जाते. तीव्र उतारांच्या आधी ट्रकसाठी ब्रेक तपासायचे थांबेही केलेले आहेत.

कायदा कुणाला जबाबदार धरतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार, धोकादायक दोष असलेली गाडी चालवणारा आणि ती चालवू देणारा, दोघंही दोषी ठरू शकतात. दोष माहीत असलाच पाहिजे असं नाही. साधी काळजी घेतली असती तर तो कळला असता, एवढंही पुरेसं आहे. दंड १,५०० रुपयांपर्यंत आहे. त्या दोषामुळे अपघात होऊन कुणी जखमी झालं किंवा मालमत्तेचं नुकसान झालं, तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

फिटनेस सर्टिफिकेट आहे, एवढ्याने भागत नाही. आठ वर्षांपर्यंतच्या ट्रकला ते दोन वर्षांसाठी मिळतं, त्याहून जुन्याला एका वर्षासाठी. लायनर इतका काळ वाट बघत नाहीत.

थोडक्यात

ब्रेक तपासणं हे ड्रायव्हरचं रोजचं काम आहे. हाताने करायचा ॲडजस्टर असेल आणि ड्रायव्हर ते काम शिकलेला असेल, तरच त्याने पाना लावावा. ऑटोमॅटिक असेल, तर ट्रक गॅरेजमध्ये न्यावा. आणि ड्रायव्हर 'गाडी दाखवावी लागेल' म्हणाला, तर मालकाने भाडं बुडतंय म्हणून त्याला तसंच पुढे पाठवू नये. घाटात त्या ट्रकच्या पुढे कुणाचीही गाडी असू शकते.