कारखाना बंद, गाडी चालू

ऑरोरा ही अमेरिकन कंपनी १९८३ साली कायमची मिटली. तिने काढलेल्या ‘थंडरजेट ५००’ या बोटभर लांबीच्या, विजेवर पळणाऱ्या शर्यतीच्या गाड्या मात्र अजून पळताहेत. त्यांना लागणारे कार्बन, स्प्रिंगा, टायर अजूनही नवे करकरीत विकत मिळतात. करणारा गेला, त्याला चाळीस वर्षं उलटली आणि वस्तू चालूच आहे, असं खेळण्यांच्या बाबतीत फार क्वचित घडतं. ते कसं घडलं याचं उत्तर या गाड्यांच्या पोटात आहे.

‘स्लॉट कार’ म्हणजे खाचेतून धावणारी गाडी. प्लास्टिकच्या रस्त्यात एक अरुंद खाच असते आणि तिच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या. गाडीच्या पुढच्या भागाखालची खुंटी खाचेत अडकते, पट्ट्यांमधून मोटरला वीज मिळते. खेळणाऱ्याच्या हातात फक्त वेग. वळणावर बोट वेळेत सैल केलं नाही, तर गाडी उडून खोलीच्या कोपऱ्यात जाते. आणि उडालेली गाडी कधीतरी मोडतेच. म्हणजे दुरुस्ती या खेळाला पहिल्या दिवसापासून चिकटलेली आहे.

विजेच्या शर्यतीच्या गाड्या अमेरिकेच्या लायोनेल कंपनीने १९१२ सालीच काढल्या होत्या, पण त्या फार काळ टिकल्या नाहीत. खेळाला खरा जोर आला तो इंग्लंडमध्ये. ‘मिनीमॉडेल्स’ या कंपनीचे मालक फ्रेड फ्रान्सिस चावीवर धावणाऱ्या ‘स्केलेक्स’ नावाच्या पत्र्याच्या गाड्या विकत. त्याच गाड्यांमध्ये त्यांनी विजेची मोटर बसवली आणि १९५७च्या जानेवारीत हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात ‘स्केलेक्सट्रिक’ मांडलं. मागणी अशी उसळली, की पुढच्याच वर्षी फ्रान्सिस यांनी धंदा ‘लाइन्स ब्रदर्स’ या बड्या कंपनीला विकला. सुरुवातीचा रस्ता रबरी होता, गाड्या पत्र्याच्या. १९६०पासून प्लास्टिकच्या गाड्या आल्या आणि काही वर्षांत रस्ताही प्लास्टिकचा झाला.

अमेरिकेत ऑरोराने वेगळी वाट धरली. स्केलेक्सट्रिकच्या गाड्या खऱ्या गाडीच्या एक बत्तिसांश मापाच्या होत्या. ऑरोराने त्यापेक्षा कितीतरी लहान, जेवणाच्या टेबलावर अख्खा संच मावेल असं माप घेतलं. १९६०च्या पहिल्या गाड्यांत फिरती मोटर नव्हतीच. उलटसुलट वाहणाऱ्या विजेने एक पाती थरथरायची आणि त्या थरथरीने दात पुढे सरकत चाक फिरायचं. गाडी चाले, पण कुरकुरत. मूळचे इंग्रज असलेले डेरेक ब्रँड यांनी ऑरोरासाठी त्यावर तोड काढली आणि १९६३ साली थंडरजेट बाजारात आली.

या गाडीकडे जरा थांबून पाहायला हवं. नेहमीची मोटर आडव्या दांड्यावर फिरते. ब्रँड यांनी ती चपटी करून चासीत पालथी निजवली आणि दांडा उभा ठेवला. आर्मेचरच्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाच्या, पुढे एक आणि मागे एक चुंबक. आर्मेचरच्या खाली त्याला वीज पोचवणारा चपटा कम्युटेटर, त्याला खालून टेकणारे दोन इवलेसे कार्बन. वर एका पट्टीत पितळी गिअरांची रांग, शेवटचा गिअर मागच्या आसाला फिरवणारा. ती पट्टी एका तारेच्या क्लिपने धरलेली. बॉडीला फक्त दोन स्क्रू. म्हणजे ते दोन स्क्रू काढले, क्लिप सोडली, की आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या तळहातावर सगळी मोटर सुटी पडते. कुठे डाग देण्याची गरज नाही, कुठे काही चिकटवलेलं नाही. घरातला मिक्सर चुरचुरायला लागला की मेकॅनिक ‘कार्बन गेलाय’ म्हणतो आणि पाच मिनिटांत बदलून देतो. इथे ते काम मुलंच करत. दुकानदार सुट्या भागांच्या पुड्या विकायचे. मुलांनी मोठे टायर बसावेत म्हणून बॉडीच्या कडा कापल्या, आर्मेचर बदलले, गिअर बदलले. आज जुन्या थंडरजेटमध्ये अशा कापलेल्या बॉड्या भरपूर सापडतात. संग्राहक त्यांना नाकं मुरडतात. खरं तर गाडी पुरेपूर वापरली गेल्याची ती खूण आहे.

१९६०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत शर्यतींसाठी खास मोठ्या रस्त्यांची दालनं हजारोंनी उघडली आणि दशक संपण्याआधी बहुतेक बंदही पडली. घरच्या संचांचा खेळ त्यानंतरही टिकला, पण कंपन्या एकीकडून दुसरीकडे गेल्या. लाइन्स ब्रदर्स १९७१ साली कोसळली. स्केलेक्सट्रिक ‘डनबी-कॉम्बेक्स-मार्क्स’कडे गेलं, तीही १९८० साली बुडाली, आणि मार्गेटची हॉर्न्बी कंपनी वारस ठरली. ऑरोराने मधल्या काळात १९७१ साली ‘एएफएक्स’ ही नवी मालिका आणली होती, पण व्हिडिओ गेमच्या लाटेत कंपनी सावरली नाही. जर्मनीत हर्मान नॉयहिर्ल यांनी १९६३ साली सुरू केलेलं ‘कारेरा’ १९८५ साली दिवाळखोरीत गेलं. पुढे एका ऑस्ट्रियन कंपनीने ते नाव उभं केलं. बार्सिलोनाच्या एक्सिन कंपनीने स्पेनमध्ये स्केलेक्सट्रिक घरोघरी नेलं. तीही राहिली नाही.

कंपनी बुडते तेव्हा गाड्या घरातच राहतात, पण पुरवठा आटतो. मग शोध सुरू होतो. पहिला आधार बंद पडलेल्या दुकानांत पडून राहिलेला माल. दुसरा आधार मेलेल्या गाड्या: एकीची चासी तडकलेली, दुसरीचं आर्मेचर जळालेलं, दोन मिळून एक धावती गाडी तयार होते. पण टायरचं तसं नाही. रबर जुनं झालं की कडक होतं, पकड सोडतं, आणि पेटीतला न वापरलेला टायरही वापरलेल्याइतकाच निकामी होतो. म्हणून नव्या टायरांचा छोटा धंदा सर्वांत आधी उभा राहिला. लहान लहान उत्पादक सिलिकॉन आणि युरेथेनचे टायर, पट्ट्यांतून वीज घेणारे तांब्याचे पिकअप, खुंट्या, गिअर बनवू लागले. पुढे प्लेइंग मँटिस आणि नंतर ऑटो वर्ल्ड या अमेरिकन कंपन्यांनी थंडरजेटच्या धर्तीच्या नव्या गाड्याच काढल्या, आणि त्यांचे बरेचसे भाग जुन्या चासीला चालतात. १९६३च्या आराखड्याला नव्या शतकात पुन्हा कारखाना मिळाला.

रस्त्यांचं दुखणं वेगळं. हॉर्न्बीने नव्या शतकाच्या सुरुवातीला स्केलेक्सट्रिकच्या रस्त्याचा सांधा बदलला, तेव्हा जुना-नवा रस्ता जोडणारा खास तुकडाही विकायला ठेवला. ज्यांच्या घरात आधीचे संच होते, त्यांच्यासाठी हा मोठाच दिलासा. धातूच्या पट्ट्या दमट हवेत गंजतात. मग बारीक घासणीने हलकेच घासायचं. तेल मात्र थेंबभरच आणि फक्त आसांना, गिअरांना. ते कम्युटेटरवर गेलं की कार्बनच्या भुकटीत मिसळून काळा लगदा होतो आणि मोटर अडते. ‘गाडी मेली’ म्हणून पेटीत पडलेल्या कितीतरी गाड्या खरं म्हणजे नुसत्या मळलेल्या असतात.

मूळचाच भाग हवा की चालणारा कोणताही चालेल, यावर संग्राहक आणि शर्यतवाले यांचा जुना वाद आहे. न उघडलेल्या पेटीतल्या गाडीची किंमत वाढते, हे खरं. पण ही वस्तू उघडण्यासाठीच घडवली होती. नवा टायर चढवून वळण घेणारी गाडीच ब्रँड आणि फ्रान्सिस यांच्या कामाला न्याय देते.

परदेशात राहून आलेल्या एखाद्या नातेवाइकाच्या माळ्यावर असा संच सापडला, तर मोडकी गाडीही टाकू नये. तिची गिअरपट्टी दुसरीला उपयोगी पडते. आणि अमेरिकेतून आणलेला जुना ट्रान्सफॉर्मर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात थेट खुपसू नये. तो ११०-१२० व्होल्टसाठी केलेला असतो, लगेच जळेल. फिरत्या मोटरच्या गाडीला लागते ती सौम्य डीसी वीज, ती चांगल्या नव्या ॲडॅप्टरने देता येते. फक्त व्होल्टेज संचावर छापलेल्या आकड्याशी आधी जुळवून घ्यावं.